नालेसफाईच्या फोटोत न येणारं काळं ऑइल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी मे महिन्यात आपल्या पेपरात नालेसफाईचे फोटो येतात, जेसीबी गाळ उपसतोय, बाजूला प्लास्टिकचा ढीग, मधेच एखादी भिजलेली गादी, आणि आम्ही घरात चहा पिता पिता म्हणतो की बघा लोक काय काय टाकतात. पण नाल्यात एक गोष्ट अशी जाते की ती फोटोत येत नाही आणि जेसीबीच्या बकेटात पण येत नाही, ती म्हणजे गाड्यांचं काढलेलं काळं इंजिन ऑइल. हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीये, माझ्या स्वतःच्या हातून ते गटारीत गेलंय म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

आमच्याकडे २००४ सालची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, म्हणजे कंपनीचं नाव अजून बजाज टेम्पो होतं तेव्हाची, २००५ मध्ये ते फोर्स मोटर्स झालं. आधी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची, मग आम्ही घेतली, मागच्या सीटा काढल्या, एक पलंग, एक ओटा, पाण्याची टाकी, दोन पंखे असं करून घेतलं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना कारमध्ये तासभर पाय दुमडून बसवत नाही आणि देवाला जायची हौस तर भारी, म्हणून ही गाडी. वणीला सप्तशृंगीच्या पायथ्यापर्यंत त्या आडव्या पडून येतात, वर जायला आता २०१८ पासून ट्रॉली आहेच. लोक म्हणतात एवढी जुनी गाडी कशाला, पण तिचं इंजिन मर्सिडीजच्या जुन्या ओएम ६१६ डिझेल इंजिनवरून आलेलं आहे, साधं, दणकट, कॉम्प्युटर नाही की त्याचे सेन्सर नाहीत, वेळेवर तेल बदलत राहिलं तर ते थकत नाही. त्यात "वेळेवर" हा शब्द महत्त्वाचा, तिथंच बरेच जण चुकतात.

कॅम्परसारख्या गाड्या रोज पळत नाहीत ना. पावसाळ्यात आमची दोन-दोन महिने उभी असते, मग एकदम त्र्यंबक, मग परत उभी. लोक किलोमीटर बघतात आणि म्हणतात अजून तीन हजार पण झाले नाहीत, कशाला बदलायचं. पण उभ्या गाडीत पण तेल खराब होतं, इंजिन गरम-थंड होताना आत दमटपणा धरतो, त्र्यंबक-इगतपुरीच्या हवेत तर जास्तच, शिवाय डिझेल जळून जे आम्ल तयार होतं ते तेलातच राहतं आणि बेअरिंगांना खात बसतं. ऑइल भरायचं झाकण काढून आतून बघा, दुधाच्या सायीसारखं काही चिकटलेलं असेल तर नुसत्या जवळच्या फेऱ्या मारल्याने पाणी साचलंय असं असू शकतं, पण लांबचा प्रवास करूनही ते जात नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) दाखवून घ्या, ते प्रकरण वेगळं. मी स्वतः ५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते धरते, आणि वर्षच आधी होतं नेहमी. अजून एक, डिझेल गाडीचं नवीन तेल शंभर-दीडशे किलोमीटरमध्येच काळं दिसायला लागतं, ते बघून घाबरू नका, इंजिनातली काजळी स्वतःत धरून ठेवणं हे तेलाचं कामच आहे. काळं झालं म्हणून ते वाया गेलं असं नसतं आणि तेल मोजायच्या काठीवर चकचकीत दिसतंय म्हणून ते चांगलं आहे असंही नसतं.

ऑइल कुठलं हे पण लोक विचारतात. मी १५ डब्ल्यू ४० टाकते, डिझेलसाठीचं, डब्यावर सीआय-४ हा दर्जा लिहिलेलं. त्यातला १५ डब्ल्यू म्हणजे थंडीत तेल किती घट्ट राहतं आणि ४० म्हणजे शंभर डिग्रीला गरम झाल्यावर किती घट्ट राहतं. नवीन गाड्यांचं ० डब्ल्यू २० वगैरे पातळ तेल महाग असतं म्हणून ते जास्त चांगलं असं समजून कुणी जुन्या इंजिनात टाकू नका, त्या इंजिनातल्या फटी वेगळ्या, नांदुरीचा घाट चढताना तेलाचं प्रेशर खाली येईल. एका दुकानात मला तेच द्यायला निघाले होते, म्हणाले मॅडम लेटेस्ट आहे. मॅन्युअल बघा, मॅन्युअल नसेल तर जुन्या मेकॅनिकला विचारा, काउंटरवरच्या पोराला नाही.

मला हे शिकवलं इथल्या नाशकातल्या द्वारका चौकाच्या बाजूच्या एका गॅरेजवाल्या चाचांनी, वय सत्तरच्या पुढे, आयुष्यभर मॅटॅडोर आणि ट्रॅव्हलर उघडल्या त्यांनी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले ताई तुम्ही कशाला हात काळे करता, पोरगा करून देईल, पण मी म्हणलं चाचा आम्ही कुठं रानात अडकलो तर पोरगा कुठून येणार, मला दाखवा. मग त्यांनी नीट दाखवलं. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, गिअरमध्ये, मागच्या चाकांना दगड. ट्रॅव्हलर उंच असते त्यामुळे जॅक न लावता पाठीवर सरकून खाली जाता येतं, पण ज्यांची गाडी बुटकी आहे त्यांनी नुसत्या जॅकवर विसंबून खाली जाऊ नका, घोडी (गाडीखाली लावायचा लोखंडी स्टँड) लावाच. इंजिन आधी दहा मिनिटं चालवून गरम करायचं, कारण थंड तेल सगळा गाळ चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, तळाला सोडून येतं. पण एवढं पण गरम नको की हात भाजेल, ते तेल बाहेर येताना धार सरळ खाली नाही पडत, आधी बाहेरच्या बाजूला फेकली जाते, मनगटावर आली तर फोड येतो. घमेलं थोडं पुढे सरकवून ठेवायचं आणि मग धार बारीक होईल तसं मागे ओढायचं, ही साधी गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितली नव्हती.

चेंबरचा नट रिंग पान्याने फक्त सैल करायचा आणि मग बोटांनी आत दाबत दाबत फिरवायचा, शेवटच्या आट्याला पटकन बाजूला घ्यायचा, म्हणजे नट तेलात पडत नाही. बसवताना उलटं. चाचांचं वाक्य माझ्या डोक्यात बसलंय, "ताई, नट आधी बोटाने गेला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळीला." बोटाने जात नसेल तर तो वाकडा बसतोय, तिथंच थांबायचं, जोर लावला की चेंबरचे आटे गेले आणि मग चेंबर उतरवायचा खर्च. नटाखालची वायसर दरवेळी नवी, दहा-वीस रुपयांची गोष्ट, तिच्यात कंजूषी करून लोक वर्षभर पार्किंगमध्ये थेंब थेंब पाडत बसतात. माझ्या गाडीत सहा-साडेसहा लिटर बसतं. भरताना मी सहाच्या थोडं आत थांबते, इंजिन सुरू करून तेलाचा लाल दिवा विझतोय ना ते बघते, मग बंद करून दहा मिनिटं थांबून काठी पुसून परत घालून बघते आणि दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या जरा खाली येईपर्यंत थोडं थोडं ओतते. जास्त भरलं तर बरं असं वाटतं काही लोकांना, अजिबात नाही, क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) ते घुसळतो, फेस होतो, फेसाने वंगण होत नाही आणि सीलवर ताण येतो तो वेगळा.

आता जे झालं ते सांगते. मागच्या वर्षी आषाढात मी पहिल्यांदा एकटीने घरी ऑइल बदललं. सगळं चाचांनी सांगितलं तसं केलं, फक्त फिल्टर काढला तेव्हा त्याची जुनी रबरी रिंग वर बैठकीला चिकटून राहिली होती आणि मी बोट फिरवून बघितलं नाही. तिच्यावरच नवीन रिंग बसली. दोन रिंगा एकावर एक धरत नाहीत. गाडी सुरू केली आणि काही सेकंदातच मिस्टर बाहेरून ओरडले बंद कर बंद कर, तोवर प्रेशरने तेल बाहेर पडून दीडएक लिटर खाली फरशीवर पसरलं होतं. इंजिनाला काही झालं नाही, लगेच बंद केली म्हणून. पण खाली जे झालं ते मला आजही आठवलं की कसंतरी होतं. मी घाबरले, शेजारचे काय म्हणतील म्हणून, निरमा टाकला, खराट्याने घासलं, बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं आणि वरून पाऊस पण सुरू झाला, पंधरा मिनिटांत फरशी स्वच्छ. मला वाटलं झालं काम.

संध्याकाळी दूध आणायला निघाले तर सोसायटीच्या गेटपासून पावसाळी गटारीच्या जाळीपर्यंत सगळ्या पाण्यावर तवंग, मिसळीच्या तर्रीवर येतो तसा, फक्त निळा-जांभळा-सोनेरी. एक कुत्रं ते पाणी चाटत होतं, त्याला हाकललं. जाळीशी वाकून बघितलं तर आत पण तेच, आणि ते वाहत चाललं होतं. निरम्याने तेल नाहीसं होत नाही हो, त्याचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्याबरोबर जास्त सहज जातात, एवढंच. आमच्या भागातलं पावसाचं पाणी नासर्डीला जातं. नासर्डी म्हणजे नंदिनी, ती पुढे आगर टाकळीला गोदावरीला मिळते, जिथं समर्थांनी बारा वर्षं तप केलं, सासूबाई दर हनुमान जयंतीला तिथं जातात. तिथून पुढे पाणी निफाडकडे, द्राक्षाच्या बागा, नांदूरमध्यमेश्वर, जिथं हिवाळ्यात आपण सगळे पक्षी बघायला जातो, रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. माझ्या दीड लिटरने तिथं काय झालं असेल ते मला मोजता येणार नाही, पण अमेरिकेतली सरकारी पर्यावरण संस्था सांगते की एका वेळच्या बदलाचं तेल दहा लाख गॅलन पाणी खराब करू शकतं, आणि त्यांच्याकडे एका वेळचं तेल म्हणजे साधारण एक गॅलन धरतात, म्हणजे एका लिटरला दहा लाख लिटर. आणि काढलेलं तेल नव्यापेक्षा वाईट असतं, त्यात इंजिनाच्या झिजेचे धातूचे कण असतात आणि जळालेल्या इंधनातली अशी रसायनं असतात की जी कातडीला वर्षानुवर्षं लागत राहिली तर कॅन्सरचा धोका असतो, म्हणून आता मी हातमोजे घातल्याशिवाय नटाला हात लावत नाही.

सांडलं तर पाणी मारायचं नाही हे मला नंतर कळलं. लाकडाच्या वखारीतून भुसा आणायचा, तो नसेल तर कोरडी माती, वर टाकून तासभर ठेवायची, झाडून पिशवीत भरायची, परत एकदा तेच. आता गाडीत कायम अर्धं पोतं भुसा असतो.

ते झालं सांडलेल्याचं. घमेल्यातल्या पाच लिटरचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हे पत्र. मी नरसाळ्याने ते जुन्याच ऑइलच्या कॅनमध्ये भरलं, फिल्टर रात्रभर उलटा टांगून निथळवला, आणि विचारायला सुरुवात केली. एक जण म्हणाला सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला द्या, एक जण म्हणाला चौकटीला लावा वाळवी लागत नाही, गावाकडून दीर म्हणाले बांधावर ओता, गवत उगवत नाही. गवत उगवत नाही तर त्या मातीत बाकी काय उगवणार, आणि पहिल्या पावसात ते विहिरीत नाही का उतरणार. भंगारवाला लगेच घ्यायला तयार होता, पण कुठं जातं विचारलं तर म्हणाला भट्टीवाले नेतात जाळायला. म्हणजे पाण्यात नाही तर हवेत.

शेवटी चाचांकडे नेलं. त्यांच्याकडे दोनशे लिटरचं बॅरल आहे, त्यात त्यांनी ओतून घेतलं, माझ्याकडून पैसे घेतले नाहीत आणि चहा पण पाजला. पण मी विचारलं की चाचा हे बॅरल पुढे कुठं जातं, तर ते खरं बोलले, "भरलं की फोन करतो, टेम्पोवाला येतो, पैसे देतो, नेतो. पुढचं मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही." मी त्यांना दोष देत नाही. छोट्या गॅरेजवाल्याला कोण सांगणार. पण ते तेल परत पॅक होऊन नवीन म्हणून विकलं जाऊ शकतं ही भीती त्यांनाच होती, म्हणून ते मला म्हणाले की रिकामा कॅन असाच भंगारात देऊ नका, मधून कापा, झाकण फेकून द्या. तेव्हापासून मी कापते. सगळ्यांनी कापावा.

आता कायदा काय म्हणतो ते मी मुलाच्या मदतीने वाचून काढलं. वापरलेलं तेल हा घातक कचरा धरला जातो, २०१६ च्या नियमांमध्ये ते स्पष्ट आहे, आणि ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल तयार करणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरच वापरलेलं तेल पुन्हा प्रक्रियेला जाईल ही जबाबदारी टाकली आहे, गोळा करणाऱ्यांची नोंदणी पण ठेवली आहे. चांगलंच आहे, कारण हे तेल संपत नसतं, त्यातली घाण आणि पाणी काढून ते परत शुद्ध करून नवीन तेलाचा पाया म्हणून वापरता येतं. म्हणजे माझ्या घमेल्यातलं काळं तेल हा माल आहे. पण तो माल घरातून त्या नोंदणीवाल्यापर्यंत जायचा रस्ता मला सापडत नाही. मोठा कारखाना असेल तर टँकर येतो, पाच लिटरवाल्या बाईकडे कोण येणार.

आणि पाच लिटर म्हणून सोडून देऊ नका. नाशकात किती जुन्या जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, पिकअप, रिक्षा, बुलेट आहेत ते डोळ्यासमोर आणा, त्यातले कितीतरी जण गल्लीतच, अंगणातच तेल बदलतात, बुलेटवाली पोरं तर सगळी. सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे माझ्यासारख्या गाड्या वाढणार आणि वाढाव्यात असंच मला वाटतं. त्यात २०२७ चा सिंहस्थ. बाहेरून येणाऱ्या बस, टेम्पो, ट्रॅव्हलर आठ-आठ दिवस वाहनतळावर उभ्या राहणार, ड्रायव्हर लोकांना मोकळा वेळ मिळाला की ते पहिलं काम गाडीखाली शिरायचंच करतात, मी प्रवासात बघितलंय. त्या वाहनतळांवर काळं तेल कुठं ओतायचं याची जागा ठरलेली नसेल तर ते जमिनीवर जाणार, आणि अमृतस्नान ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भर पावसात.

मागणी मोठी नाही. मनपाचे सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक, नाशिकरोड, प्रत्येक विभागात एका ठिकाणी छपराखाली, खाली ट्रे ठेवून, एक झाकणाचं बॅरल ठेवा, महिन्यातून एक रविवार ठरवा, नोंदणीकृत माणसालाच ते देऊ असा करार करा आणि कुठं दिलं त्याची पावती भिंतीवर लावा. लोकांना एवढंच सांगायचं की यात पेट्रोल, कूलंट, ब्रेक ऑइल मिसळू नका, मिसळलेलं तेल पुढे शुद्ध करायला घेत नाहीत. दुसरं, तेल विकणाऱ्या दुकानांनीच जुनं परत घ्यावं. जर्मनीत तसा कायदाच आहे, जेवढं नवीन विकलं तेवढं जुनं फुकट परत घ्यायचं. माझ्या गाडीचं इंजिन जर जर्मनीच्या डिझाइनवरून इथं येऊ शकतं तर ही पद्धत का नाही. आणि सिंहस्थाच्या प्रत्येक वाहनतळावर जसे शौचालयाचे आणि पाण्याचे बोर्ड लागतील तसा "जुने ऑइल येथे" असा एक बोर्ड लावा, हिंदीत पण लावा.

चाचांनी मागच्या महिन्यात गॅरेज बंद केलं, हात चालत नाहीत म्हणाले. या वर्षीचं माझं तेल मी गेल्या रविवारी बदललं, रिंग बोट फिरवून दोनदा बघितली, एक थेंब सांडला नाही. साडेपाच लिटरचा कॅन आत्ता आमच्या जिन्याखाली उभा आहे, वर मार्करने मोठ्या अक्षरात "जुने तेल, हात लावू नये" लिहिलंय कारण घरात लहान नातू आहे. ते मी भंगारात देणार नाही, सेंट्रिंगवाल्याला देणार नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाला नाशकात ते घेणारी नोंदणीकृत जागा माहीत असेल तर याच सदरात कळवा, मी दुसऱ्या दिवशी घेऊन येते, आणि सोसायटीतल्या तीन बुलेटवाल्यांचं पण बरोबर आणते, त्यांना मी थांबवून ठेवलंय.

आपली नियमित वाचक,
मुंबई नाका परिसर, नाशिक